झिरो बघा

एकोणीस वर्षं मी एकच वाक्य बोलले :
झिरो बघा.
दिंडोरी रोड, म्हसरूळच्या पुढं, डाव्या हाताचा पंप,
तिसरं मशीन माझं.
कुणी बघायचं, कुणी मोबाइलमध्येच मान हलवायचं,
पण सुरुवात सगळ्यांची शून्यापासून,
नगरसेवकाच्या गाडीची, दूधवाल्याच्या लुनाचीसुद्धा.

रस्त्याचा पैसा तेव्हा तेलातच विरघळलेला असायचा,
आमटीतल्या मिठासारखा.
वेगळा मोजून कुणी दिला नाही,
मोजला नाही म्हणून कुणाला बोचलाही नाही.

मग गाड्या बॅटरीच्या झाल्या.
पंपावर यायच्या त्या फक्त हवा भरायला,
आणि हवा फुकट.
मीठ कमी पडायला लागलं.

आता तेलावर नाही, चाकावर.
जितकं चाललात तितकं द्या, किलोमीटरला चाळीस पैसे.
माझ्या हातातलं नोझल गेलं, टॅब आला,
वाकून काचेतला आकडा वाचायचा, भरायचा.
हा आकडा शून्यावर येत नाही कधी.
पहिला आठवडाभर जीभ नुसती अडखळायची.

मुनाफ मणियारची ई-रिक्षा, द्वारका ते निमाणी,
वर्षाचे एकतीस हजार.
'आपा, सहा वर्षांत धूर नाही केला मी.'
म्हटलं, धुराचे नाहीत हे पैसे, डांबराचे.
'डांबर कुठंय?'
दोघांनी खाली बघितलं.
मशीनपुढच्या खड्ड्यात त्याचं पुढचं चाक होतं,
माझा एक पाय.

गांगुर्डे बाई हरसूलच्या शाळेवर,
जाऊन-येऊन एकशे दहा.
चोवीस हजार दोनशे, मी वाचलं.
त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा.
पुन्हा वाचलं. तेवढेच.
बदलीच्या कागदावर ज्यानं सही केली
तो राहतो कॉलेज रोडला, ऑफिस समोरच,
त्याचे वर्षाचे नऊशे भरले मीच, त्याच सकाळी.

लभडेंची पिकअप द्राक्षांच्या क्रेटनं
जाताना पाटे दबून चालते,
येताना उड्या मारत येते.
रस्त्याला दोन्हीतला फरक कळतो, मलाही कळतो,
टॅबमध्ये तेवढा रकाना नाही.

दत्तू साळी भद्रकालीत मीटर मागं फिरवायचा,
लाखभर पळालेली गाडी पंधरा मिनिटांत
चाळीस हजारांवर आणून द्यायचा, विकणाऱ्यासाठी.
धंदा बसला होता, आता दुकानापुढं रांग.
रात्री पाळी संपताना आला.
'ताई, तुम्ही फक्त बघायचं नाही. निम्मं निम्मं.'
मला गांगुर्डे बाईंचा विचार आला,
खोटं कशाला बोलू.
मग मी कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं.
कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे.

त्या रात्री स्वतःची स्कूटी वाचली, कधी नव्हे ते.
अकरा वर्षं, एकोणीस हजार आठशे,
घर ते पंप, पंप ते घर,
आणि दोनदा बिटको हॉस्पिटल, सासऱ्यांसाठी.
मालकाचा मुलगा म्हणाला,
मावशी, हा तर पृथ्वीचा अर्धा वेढा झाला.
असेल.
पलीकडं कुठं निघाले मी, ते कळलं नाही,
म्हसरूळचंच तळं दिसत राहिलं.

काल एक पोरगी आली, नवी कोरी गाडी,
हँडलला झेंडूची माळ,
चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची फोड अजून चिकटलेली.
मी वाकले आणि सवयीनं तोंडातून गेलंच,
झिरो बघा.
तिनं खरंच बघितलं.
'चार आहेत काकू. शोरूमपासून इथवर.'

चार लिहिले.
एक रुपया साठ पैसे.
साठ पैसे स्कॅन होतात का, विचारत होती.